आठ बाजारांची मुदत

"आ आईचा" म्हटलं की निम्मा वर्ग गप्प बसायचा. मग मी चित्र दाखवायचो. लुगडं नेसलेली बाई, कडेवर पोर. एकदा मागच्या रांगेतून एक पोरगी म्हणाली, "याहा." मी म्हणालो, "याहा नाही, आई." ती पुन्हा म्हणाली, "याहा." मी फळ्यावर छडी आपटली आणि पुढे इमारतीच्या 'इ'वर गेलो. पाड्यावर इमारत एकच होती, आम्ही बसलो होतो ती, आणि तिलाही कोणी इमारत म्हणत नव्हतं.

ही गोष्ट २००० सालच्या आसपासची. सातपुड्यातल्या एका पाड्यावर मी अकरा वर्षं शिक्षक होतो. ती पोरगी तिसरीनंतर आली नाही. पटावरून नाव कमी करायला किती दिवसांची गैरहजेरी लागते, तेवढं मी पाहिलं आणि नाव कमी केलं. २०१४ साली निवृत्त झालो.

२०२२ च्या पावसाळ्यात ती मला शहाद्याच्या बसस्टँडवर भेटली. मी ओळखलं नाही, तिनेच "गुरजी" म्हणून हाक मारली. सोबत सात वर्षांचा मुलगा. म्हणाली, "पोऱ्या शाळेत जातो, तिथं काहीच बोलत नाही. घरी आला की गप्पच बसत नाही." नवे गुरुजी चांगले आहेत, मारत नाहीत, पण ते लातूरकडचे, त्यांना भिली येत नाही आणि पोराला मराठी येत नाही. दोघं दिवसभर एकमेकांकडे बघत बसतात. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. पाऊस लांबला हे सांगावं तसं सांगितलं.

माझ्या घरी अहिराणी बोलतात. मीसुद्धा मराठी शाळेतच शिकलो. पण अहिराणीतून मराठीत यायला उंबरा ओलांडावा लागतो आणि भिलीतून यायला चांदसैलीचा घाट. अकरा वर्षांत मी भिली शिकलो ती बाजारापुरती. कोंबडी केवढ्याला, पाऊस कुठपर्यंत आला, उद्या शाळा आहे. एवढ्या भांडवलावर मी त्यांना आ आईचा शिकवत होतो.

सुरुवात साधीच झाली. शाळा व्यवस्थापन समितीत ती होतीच. समितीने ठराव केला: पहिली-दुसरीला मुलांची बोली जाणणारी एक व्यक्ती वर्गात असावी. पाड्यावरच बारावी झालेली मुलगी आहे, तिची भाची, तिला मानधनावर घ्यावं. ठराव मी लिहून दिला, सह्या-अंगठे झाले, तालुक्याच्या एका कार्यालयात दिला, पोच घेतली. तीन महिने काही नाही. मग माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, दहा रुपयांचं तिकीट लावून. तिसाव्या दिवशी उत्तर आलं की मागितलेली माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही. समक्ष गेलो तर एका साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि समजावलं, "गुरुजी, ती बोली आहे हो, भाषा नाही. लिपी तरी आहे का तिला?"

मला उत्तर सुचलं नाही. ते सुचायला पुढे सहा महिने आणि एक वकील लागली.

घरी बायको म्हणाली, "तुम्हले काय पडनं शे? पेन्सन ल्या नि गुमान बठा ना आते!" तिचं बरोबर होतं. पण मला ते 'याहा' डोक्यातून जाईना.

वाचायला लागलो. घटनेच्या कलम ३५० अ मध्ये स्पष्ट आहे की भाषिक अल्पसंख्य गटातल्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करून देण्याचा प्रत्येक राज्य आणि प्रत्येक स्थानिक प्राधिकरण प्रयत्न करील. हे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलं, भाषावार प्रांतरचनेच्याच वर्षी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही कलम २९ मध्ये शिकवण्याचं माध्यम 'शक्य तितकं' मुलाच्या मातृभाषेत असावं असं आहे. 'प्रयत्न करील' आणि 'शक्य तितकं'. सरकारी कागदात ज्याने आयुष्य काढलंय त्याला या दोन शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही.

आणि भाषा लहान म्हणावी तर तसंही नाही. २०११ च्या जनगणनेत भिली आणि तिच्या पोटात धरलेल्या बोली मिळून १ कोटी ४ लाख लोक आहेत. संथाली ७० लाखांच्या घरात, बोडो १५ लाखांच्या. त्या दोन्ही २००३ सालच्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेतल्या भाषांच्या यादीत, गेल्या. भिली बाहेर. आमची अहिराणीही बाहेरच, पण तिचं गाऱ्हाणं इथे नको.

कोर्टात जायचं तर पैसे कुठून आणायचे? माझी पेन्शन चालली असती, पण मुलाने विचारलं, "अप्पा, हे हायकोर्टाचं काम, कुठवर पुरणार?" तेव्हा मोफत विधी सेवेचं नाव निघालं. १५१०० या क्रमांकावर फोन केला. त्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे जा सांगितलं. समिती म्हणजे तालुक्याच्या कोर्टातच एक टेबल असतं. एका तालुक्याला गेलो तर तिथल्या टेबलावरच्या माणसाने सांगितलं की इथे पोटगीचं, जमिनीचं, फौजदारीचं चालतं, "भाषेचं काही नसतं." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्याकडे तसलं कोणी आलंच नसावं.

मग नंदुरबारला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. रस्त्याकडेला मिरचीच्या पथाऱ्या लाल झाल्या होत्या, बस थांबली की ठसका. प्राधिकरणाचे सचिव स्वतः न्यायाधीश असतात हे मला तिथे कळलं. त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न केला, "अर्जदार कोण? तुम्ही?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, मग नाही मिळणार.

झालं असं की १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ माणूस बघतं. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, बालक, अपंग, कोठडीतला माणूस, आपत्तीत सापडलेला, कामगार. यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना आपल्या राज्यात वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न हवं. माझी पेन्शन त्याच्या वर जाते. पोराची आई मात्र आदिवासी म्हणून पात्र आणि बाई म्हणूनही पात्र. म्हणजे ती दोनदा पात्र आणि मी एकदाही नाही. मनात कुठेतरी 'आमच्या गुरुजींनी केस केली' असं ऐकायची हौस होती, ती तिथेच संपली. एका परीने बरं झालं. मूल तिचं होतं.

अर्जासोबत लागलं ते एवढंच: जातीचा दाखला, आधार, समितीचा ठराव, दिलेल्या निवेदनांच्या पोच, माहिती अधिकाराचं उत्तर. माझ्यासारखं कोणी जाणार असेल तर एक सांगतो, पोच फेकू नका. कलम १३ प्रमाणे प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे का हे बघतात, आणि आमचं तथ्य म्हणजे त्या पोचवरचे निळे शिक्केच होते. नंदुरबारहून कागद औरंगाबादला उच्च न्यायालय विधी सेवा उपसमितीकडे गेले, कारण खान्देशचे तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाखाली येतात. दीड महिन्याने पत्र आलं, पॅनेलवरची वकील नेमली होती.

वकीलताई माझ्या मुलीच्या वयाच्या. फोनवर सगळं ऐकून म्हणाल्या, "सर, तो लिपीचा मुद्दा सोडा, तो १९७१ लाच मिटलाय." जालंधरच्या डीएव्ही कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की भाषिक अल्पसंख्य ठरायला वेगळी बोलली जाणारी भाषा असली की पुरे, वेगळी लिपी असलीच पाहिजे असं नाही. आणि अल्पसंख्य कोण हे राज्यनिहाय मोजायचं, हे २००२ साली अकरा न्यायाधीशांनी टी. एम. ए. पै प्रकरणात ठरवून दिलं. नंदुरबार जिल्ह्यात शंभरातले एकोणसत्तर आदिवासी असले तरी महाराष्ट्र धरला की भिली बोलणारे अल्पसंख्यच. खुर्ची आणि चहा देणारे साहेब मला आठवले. त्यांना फोन करावासा वाटला, केला नाही.

पण वकीलताईंनी एक धोकाही दाखवला. २०१४ साली कर्नाटकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलंय की सरकार मातृभाषेचं माध्यम कोणावर लादू शकत नाही, माध्यम पालकाने निवडायचं. "आपण 'शाळा भिली माध्यमाची करा' म्हटलं की समोरचे हा निकाल काढतील आणि वर म्हणतील, पुस्तकं दाखवा. आपण एवढंच मागायचं की वर्गात पोरांचं बोलणं कळणारं एक माणूस असू द्या." मला ते कमी वाटलं. मी दोन दिवस कुरकुर केली. पण बाईला विचारलं तर ती म्हणाली, "मी तेवढंच मागितलं होतं, गुरजी." खरंच. बाकीचं मी वाढवलं होतं.

आता गंमत बघा. उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, कलम ३४८. भाषेचा हक्क मागायचा तर याचिका इंग्रजीत, ठराव मराठीत तर त्याचं भाषांतर इंग्रजीत. या भाषांतराचा, कागदपत्रं तयार करण्याचा, कोर्ट फीचा खर्च विधी सेवेतून होतो, आम्हाला पैसाही लागला नाही. मात्र याचिकेत काय लिहिलंय हे जिच्या नावाने ती आहे तिला तिच्या भाषेत सांगायची सोय कुठल्याच रकान्यात नव्हती. ते काम भाचीने केलं. वकीलताई इंग्रजीतून मराठीत सांगायच्या, भाची मराठीतून भिलीत. मध्ये मी, अडेल तिथे.

शपथपत्रासाठी औरंगाबादला जावं लागलं. प्रवासखर्च कोणी देत नाही, तो आपला. एसटीत बायांना निम्मं तिकीट नुकतंच सुरू झालं होतं, मला ज्येष्ठ म्हणून निम्मं. शहाद्याहून धुळे, चाळीसगाव, कन्नडचा घाट. घाटात तिला गाडी लागली. सातपुड्यातली बाई, घाटाची सवय असेल असं मी धरून चाललो होतो. ती म्हणाली, आमच्या घाटात आम्ही चालतो. दशम्या आणि मिरचीचा ठेचा तिने फडक्यात बांधून आणला होता, तो चाळीसगावला स्टँडच्या बाकड्यावर खाल्ला.

जालना रोडवर खंडपीठाच्या आवारात दुपारी पोचलो. शपथपत्राची शेवटची ओळ वकीलताईंच्या टायपिस्टने नेहमीप्रमाणे टाकली होती: वरील मजकूर मला मराठीत वाचून व समजावून सांगितला, तो मला समजला व बरोबर आहे. इंग्रजीतच, अर्थातच. भाचीने ती भिलीत सांगितली. बाईने पेन खाली ठेवलं.

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

मी म्हणालो, अगं तो नेहमीचा मजकूर आहे. ती म्हणाली, "मला हिने आपल्या बोलीत सांगितलं. मराठीत सांगितलं असतं तर मला कळलं नसतं. कळलं नसतं म्हणूनच आलो ना आपण?" मागे रांग होती. कोणीतरी घड्याळ बघत होतं. मला घाम फुटला, कारण पंचवीस वर्षांपूर्वी मी अशाच ठिकाणी छडी आपटून पुढे गेलो होतो.

वकीलताई मात्र हसल्या. पेनने 'मराठी' खोडलं, वर 'भिली' लिहिलं, शेजारी बाईची छोटी सही घेतली. शपथ देणारे साहेब म्हणाले, मग दुभाषी कोण, त्याचीही सही हवी. भाचीने देवनागरीत सही केली, नावाखाली 'दुभाषी' असं लिहिलं. बारावीनंतर तिची कुठल्या कागदावर ही पहिलीच सही. बाहेर आल्यावर तिने मला तीनदा विचारलं, दुभाषी म्हणजे नोकरी असते का.

संध्याकाळी बसला वेळ होता. वकीलताई आमच्यासोबत चहाला आल्या आणि त्यांनी कॅनडाची गोष्ट सांगितली. तिथे १९७८ पासून सरकारचा एक निधी आहे, भाषेच्या घटनात्मक हक्कासाठी कोर्टात जाणाऱ्यांना पैसे देणारा. क्वेबेकमधले इंग्रजी बोलणारे, बाकी प्रांतांतले फ्रेंच बोलणारे. १९८५ साली त्यात समानतेचे हक्कही आले. मी विचारलं, सरकार स्वतःवर केस करायला स्वतःच पैसे देतं? त्या म्हणाल्या, हो, आणि कधीकधी जड जातं म्हणून बंदही करतं. १९९२ ला बंद केलं, १९९४ ला परत आणलं, २००६ ला पुन्हा बंद, २०१७ ला पुन्हा सुरू. आता पैसे वाटायचं काम ओटावा विद्यापीठाकडे आहे, म्हणजे कोणाला द्यायचे हे मंत्री ठरवत नाही.

तिथल्याच मॅनिटोबा प्रांतातला एक किस्साही सांगितला. १९७६ साली जॉर्ज फॉरेस्ट नावाच्या विमा एजंटाला गाडी चुकीची लावल्याबद्दल दंडाची पावती मिळाली, नुसती इंग्रजीत. तो म्हणाला, मला फ्रेंचमध्ये हवी. तीन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने प्रांताचा १८९० पासूनचा इंग्रजीच चालेल असा कायदा रद्द केला. पुढे १९८५ ला तर कोर्टाने सांगितलं की फक्त इंग्रजीत केलेले त्या प्रांताचे सगळे कायदे अवैध आहेत, भाषांतर होईपर्यंत तेवढे चालू ठेवू. भाचीने हे सगळं मावशीला सांगितलं. मावशीने विचारलं, मग त्याने दंड भरला का? कोणालाच सांगता येईना.

परतीच्या बसमध्ये मला झोप नव्हती. डोक्यात तोच निधी फिरत होता. आपल्याकडची मदत माणूस बघते, त्याचा प्रश्न बघत नाही. तिच्या जागी चार लाख उत्पन्नाचा एखादा तेलुगू किंवा उर्दू बोलणारा बाप असता तर हाच प्रश्न घेऊन तो स्वतःच्या खिशातून लढला असता, किंवा लढलाच नसता. कॅनडातली मदत प्रश्न बघते, खटल्यातून सगळ्यांना लागू होईल असं काही निघणार का ते बघते. पण तिथेही भाषेच्या रकान्यात इंग्रजी आणि फ्रेंच दोनच. क्री किंवा इनुक्टिटुट या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषा बोलणाऱ्या आईला दुसरा रकाना शोधावा लागतो. त्यांचीही आठवी अनुसूची आहेच म्हणायची. आणि आपली मदत तोकडी असली तरी ती कायद्याने बांधलेली आहे. सरकार बदललं म्हणून कोणी एका बैठकीत ती बंद करू शकत नाही. दोन्हीची सांगड घालता आली तर? हे मी वकीलताईंना दुसऱ्या दिवशी फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, आधी आपली तारीख बघू."

तारखा तीन पडल्या. दोनदा सरकारतर्फे उत्तराला मुदत मागितली गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. तिसऱ्यांदा, २०२४ च्या जानेवारीत, सुनावणी सहा-सात मिनिटं झाली. न्यायमूर्तींनी एकच विचारलं, तुम्हाला भिलीची शाळा हवी की भिली कळणारं माणूस? वकीलताईंनी सांगितलं, माणूस. समितीच्या ठरावावर आठ आठवड्यांत, अर्जदाराचं म्हणणं ऐकून, कारणांसह निर्णय घ्यावा, असा आदेश झाला आणि याचिका निकाली निघाली. कलम ३५० अ वर कोर्टाने काही बोलावं अशी माझी फार इच्छा होती. आदेशात त्याचा उल्लेख एका ओळीत, युक्तिवादापुरता.

आदेशाची प्रत घेऊन पाड्यावर गेलो. सव्वा पान, इंग्रजी. मी मराठीत सांगितलं, भाचीने भिलीत. बाया जमल्या होत्या. आठ आठवडे म्हणजे नक्की किती, यावर जरा चर्चा झाली. मग बाईने विचारलं, "म्हणजे आठ बाजार?" मी म्हणालो, हो, आठ बाजार. तिने घराच्या कुडावर कोळशाने एक रेघ ओढली. पहिला बाजार कालच झाला होता, तो धरायचा नाही असं ठरलं.

सातव्या बाजारानंतर सुनावणीचं पत्र आलं. कार्यालय तेच, खुर्ची तीच, साहेब बदललेले. लिपीचं कोणी काढलं नाही. निर्णय असा झाला की माध्यम मराठीच राहील, पण पहिली-दुसरीसाठी बोलीभाषा जाणणारी स्वयंसेविका एका शैक्षणिक वर्षापुरती मानधनावर घेण्यात यावी. एका शाळेपुरती. शेजारच्या पाड्याने ठरावाची नक्कल मागितली तेव्हा मी त्यांना पोच कशी घ्यायची ते आधी सांगितलं.

जूनमध्ये भाची वर्गात गेली. पहिलं मानधन दिवाळीनंतर आलं. मी ऑक्टोबरात एकदा जाऊन मागे बसलो होतो. लातूरकडचे गुरुजी फळ्यावर 'आई' लिहितात, ती पोरांना विचारते, आपण काय म्हणतो? सगळी ओरडतात. मग ती 'आई'च्या शेजारी खडूने 'याहा' लिहिते. या वर्गाला आता 'य' आणि 'ह' बाकीच्या शाळांच्या आधी येतो, अशी गुरुजींची तक्रार आहे. तक्रार करताना ते हसत होते.

मुदत एका वर्षाची होती. पुढच्या वर्षासाठीचा अर्ज मार्चमध्ये दिलाय, पोच माझ्याकडे आहे. कुडावरच्या रेघा बाईने पुसल्या नव्हत्या, त्यांच्याखाली नवीन सुरू केल्यात. परवा फोन केला तेव्हा पाच झाल्या होत्या.